मुलगा हरिपाठाला बसत नाही, तेव्हा

ताई, सात वर्षांचं पोर हरिपाठाला बसत नाही, मोबाईल सोडत नाही, म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या थोरल्याचंही तेच होतं. मी तेव्हा 'हरिपाठ झाल्याशिवाय मोबाईल नाही' असा नियम काढला. पोरगं घड्याळाकडे बघत ओळी गिळायला लागलं. महिनाभरात मीच तो नियम मोडीत काढला.

मग त्याच्या हातात टाळ दिले. पितळी, जड. दोरीने अंगठ्याजवळ साल निघाली. पण ठेका चुकला की आजोबा नुसती भुवई उचलायचे, आणि हा हसून पुन्हा धरायचा. व्हिडिओत कुठली हो ती भुवई?

तरी मोबाईल हद्दपार करू नका. २०२० साली करोनामुळे माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, ते आम्ही स्क्रीनवरच पाहिलं. सासूबाईंनी टीव्हीपुढे हात जोडले होते. फक्त मुलाबरोबर बसून बघा, आणि ऑटोप्ले आधी बंद करा. कीर्तन संपतं न संपतं तोच दुसऱ्या धर्माला शिव्या देणारं काहीतरी सुरू होतं.

"देव खरंच आहे का?" असं विचारलं तर डाफरू नका. मी "मलाही कधी कधी प्रश्न पडतो" म्हटलं होतं.

आणि यंदा वारीचा एखादा टप्पा चालवा त्याला. दिवेघाट नको, दमेल. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण असतं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून घोडा धावतो, तिथे न्या. घोडा जवळून दिसायचा तर लवकर जाऊन जागा धरा.