बी पेरलेल्या लॉनची पहिली कापणी
गवत कापायचं मशीन लगेच काढू नकोस रे. बर्म्युडा गवताचं बी पेरलंयस ना, मग ते दोन-अडीच इंच होऊ दे, आणि आधी दोन-चार पाती चिमटीत धरून हलकेच ओढून बघ, मुळासकट वर आली तर अजून थोडे दिवस थांब. पहिल्यांदा फक्त वरचा एक तृतीयांश भाग काप, त्याहून जास्त नाहीच. ब्लेडला धार हवीच, बोथट असलं की कोवळं रोप कापलं न जाता उपटून येतं. आणि गोव्यात डिचोली काय नि पेडणे काय, आपली तांबडी माती पावसात भिजली की चाकं रुततात, सगळा चिखल होतो, म्हणून चांगली उघडीप मिळाली की दुपारी पाती सुकल्यावरच फिरव. तणनाशक आत्ता अजिबात नको, तण हातानेच उपट, तीन-चार कापण्या झाल्या की मग बघू.