कॅलिफोर्नियातल्या वाळूत राहणारा तो बिनपायांचा प्राणी साप आहे का सरडा?

सरडाच आहे. पाय नाहीत म्हणून लगेच साप होत नाही. त्याचं शास्त्रीय नाव ॲनिएला, साधारण वीतभर लांब, पाठ रुपेरी-तपकिरी आणि पोट पिवळं. ओळखायचा असेल तर डोळे बघा, हा डोळे मिटतो, सापाला हलणाऱ्या पापण्याच नसतात. बरेच जण कानाचं भोक बघा म्हणून सांगतात पण ते इथे उपयोगाचं नाही कारण ह्याला बाहेरून भोक नसतंच (वाळूत राहणाऱ्याला ते कशाला हवंय म्हणा). शेपूट मात्र तोडून पळतो, पालीसारखीच.

खालचा जबडा वरच्याच्या आत बसलेला असतो त्यामुळे घुसताना तोंडात वाळू जात नाही. पक्कं बीळ वगैरे करत नाही, सैल वाळूतून सरकत राहतो आणि झुडपाखालच्या पाचोळ्यात दबा धरून अळ्या, वाळवी, कोळी असलं खातो.

पण खरी गंमत ओलीची आहे. वाळूत राहतो म्हणून वाळवंटी वाटतो ना, पण कोरड्या वाळूत हा टिकतच नाही, वरचा थर सुकला की ओल शोधत खाली खाली जातो, आणि बाकीच्या सरड्यांसारखा उघड्यावर उन्हात शेकत पण बसत नाही, ऊब हवी असेल तर तापलेल्या थराच्या जरासा खाली येऊन पडून राहतो, बास.

अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधे, बहुतेक वेळा 2, फार तर 4. त्यात मादी वयात यायलाच 3 वर्षं लागतात (नराला 2), म्हणजे एखाद्या जागेवरचे संपले तर परत वाढायला किती वेळ लागेल विचार करा.

2013 मधे पॅपेनफस आणि पारहॅम ह्या दोन संशोधकांनी आधी एकच समजल्या जाणाऱ्या जातीतून 4 नव्या जाती वेगळ्या काढल्या, त्यातली एक तर लॉस एंजेलिस विमानतळाच्या रनवेपलीकडच्या वाळूच्या टेकड्यांमधे पण राहते! माणसाला पत्ता नाही.

तिकडे जाऊन शोधणार असाल तर उचललेला ओंडका होता तसाच परत ठेवा, उघडा राहिला की खालची ओल उडून जाते.