पेन की पॅन?

प्रश्न : माझ्या केजीच्या वर्गात इंग्रजीतले 'पेन' आणि 'पॅन' मुलं सारखेच म्हणतात. काय करू?
– एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : ताई, पोरांना बोल लावू नका. आपल्या जुन्या बाराखडीत 'पे' आहे, 'पॅ' नाही. चोपड्याला शिकवताना मी फळा सोडून हनुवटीखाली तळहात धरायला लावायचे. 'पेन'ला हनुवटी जेमतेम हलते, 'पॅन'ला हात चांगलाच खाली ढकलते. एक पोरगं ओरडलं, "मॅडम, मनी हनुवटी पडनी!" (माझी हनुवटी पडली!) त्या दिवसापासून ते चुकलं नाही. 'पेन'मधला ए मात्र तुम्हीही लांबवू नका, नाहीतर लिहायच्या पेनचा 'pain' होऊन तो दुखायला लागतो! 'पिन' पुढच्या आठवड्यात घ्या. इंग्रजीतले सगळे स्वर एकदम नकोत.