पन्हळ असूनही पावसाचे पाणी तिच्या मागून भिंतीवर उतरते, काय करावे?

नेरूळमधील आपल्या रो-हाऊसच्या उतरत्या पत्र्याला पन्हळ असूनही पाणी तिच्या मागून भिंतीवर ओघळते, आणि पन्हळ व भिंत यांमधील फटीत दोन वेळा सिलिकॉन भरूनही ओल हटत नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते ती फट हे मूळ दुखणेच नाही. ती बुजवल्यावर मागे उतरणारे पाणी खाली निघून जाण्याऐवजी तेथेच तुंबते आणि प्लास्टरमध्ये मुरते.

पाऊस चालू असताना खिडकीतून किंवा गॅलरीतून पत्र्याच्या काठाची खालची बाजू नीट पाहावी. ओल्या शिडीवर मुळीच चढू नये. काठाशी आलेले पाणी सरळ पन्हळीत न पडता पृष्ठताणामुळे पत्र्याला चिकटून खालच्या अंगाने मागे सरकते, तेथे थेंबांची रांग लागते आणि ते थेंब पन्हळीच्या मागच्या कडेपलीकडे गळतात. छपराचा उतार जितका कमी, तितका हा प्रकार अधिक. उघडीप असेल तर त्याच जागी मातकट रेघ दिसते. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील शेडला हाच त्रास होता आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो दुप्पट वाटत असे.

यावर टिकाऊ उपाय फ्लॅशिंगचा, म्हणजे पाणी पन्हळीत वळवणाऱ्या पट्टीचा आहे. ॲल्युमिनियमची किंवा रंगीत जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याची वाकवलेली पट्टी वरच्या बाजूने छपराच्या पत्र्याखाली सरकवावी आणि तिचा खालचा भाग पन्हळीच्या मागच्या कडेवरून आत उतरवावा, म्हणजे मागे सरकलेला थेंबही पन्हळीतच पडतो. दोन पट्ट्या एकमेकींवर सुमारे १०० मिमी चढलेल्या असाव्यात. छपराचा पत्रा स्वतः पन्हळीवर सुमारे ५० मिमी पुढे आलेला हवा. तो आखूड असेल तर फ्लॅशिंगची गरज अधिकच. पत्र्याच्या नळ्यांतून वाऱ्याबरोबर पाणी आत येत असेल, तर तेथे त्याच आकाराची फोमची पट्टी बसवावी.

त्याच वेळी पन्हळीची पातळीही तपासून घ्यावी. तिची पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण १० मिमी खाली असावी, म्हणजे पन्हळ भरून वाहिली तरी पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नव्हे. आपल्याकडे ती भरतेच, कारण ५० चौरस मीटर छपरावर तासाला ५० मिमी पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी एका पन्हळीत उतरते. त्यात पन्हळीतले पाणी खाली नेणाऱ्या डाऊनटेक पाइपच्या तोंडाशी गुलमोहराची बारीक पाने अडकली असली, तर वर सांगितलेली सगळी दुरुस्ती करूनही पाणी मागे उलटेल. मेच्या अखेरीस एकदा आणि पावसाळ्यात अधूनमधून हे तोंड साफ करणे अटळ आहे.

सिलिकॉनची जागा फक्त पन्हळीच्या सांध्यांत आहे. तेथेही व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जीआय पत्र्यावर वापरू नये, कारण ते जस्ताचा थर खाते; न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे आणि सांधा पूर्ण कोरडा असतानाच भरावे. फॅब्रिकेटर पुन्हा फट भरण्याचाच आग्रह धरेल, कारण ते काम तासाभरात उरकते. त्याच्याकडून फ्लॅशिंगचे माप आधी कागदावर घ्यावे. भिंतीला पुट्टी आणि रंग मात्र दिवाळीनंतर, ती आतून वाळल्यावरच लावावा.