केल मकार: होबी बेकर पुरस्कार ते एनएचएल, अवघ्या तीन दिवसांत

प्रश्न होता: अमेरिकन कॉलेज आइस हॉकीतला सर्वोच्च असा होबी बेकर पुरस्कार मिळाला म्हणून बचावपटू केल मकारला एनएचएल (उत्तर अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक आइस हॉकी लीग) संघानं उचललं का? नाही. पुरस्काराचा आणि कराराचा काडीचा संबंध नाही. कोलोराडो अ‍ॅव्हलांचनं त्याला 2017च्या ड्राफ्टमध्येच (संघ पाळीपाळीनं तरुण खेळाडूंचे हक्क घेतात ती निवड) चौथ्या क्रमांकावर घेतलं होतं.

मकारनं स्वतः केलेली खरी निवड त्याही आधीची. तो कॅनडातल्या कॅलगरीचा. तिकडची गुणी पोरं सहसा मेजर ज्युनिअरमध्ये (कॅनडातल्या सर्वोच्च ज्युनिअर लीगमध्ये) जातात, आणि तिथल्या मेडिसिन हॅट टायगर्स संघानं त्याला ड्राफ्टमध्ये घेतलंही होतं. पण तेव्हा तिथं खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकी बंद (हा नियम ऑगस्ट 2025पासून बदलला). म्हणून तो अल्बर्टाच्या ज्युनिअर ए लीगमध्ये ब्रूक्स बँडिट्सकडून खेळला आणि मग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, म्हणजे यूमासला गेला. हा संघ 2016-17 मध्ये 36 पैकी जेमतेम 5 सामने जिंकलेला! पहिल्या वर्षी त्याचे 21 पॉइंट (गोल किंवा गोलसाठीचा पास, प्रत्येकी एक), दुसऱ्या वर्षी 41 सामन्यांत 49. बचावपटूसाठी हे फारच झाले.

आता 2019च्या तारखा बघा. 12 एप्रिलला पुरस्कार. 13 ला अंतिम सामन्यात मिनेसोटा-डुलुथकडून 0-3 हार. 14 ला करार. 15 ला कॅलगरीविरुद्ध थेट प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) पदार्पण आणि सामन्याच्या पहिल्याच पीरियडमध्ये (तीनांपैकी पहिल्या भागात) गोल. घाईत मकारचाही फायदा होता: तीन वर्षांच्या एन्ट्री-लेव्हल (नवोदितांसाठीच्या पहिल्या, मर्यादित पगाराच्या) करारातलं पहिलं वर्ष त्या काही सामन्यांतच खर्ची पडलं, म्हणून 2021मध्येच सहा वर्षांचा, 5.4 कोटी डॉलरचा करार हाती आला. शिवाय नवोदितपण मोजताना प्लेऑफचे सामने धरत नाहीत, त्यामुळे 2020ची कॅल्डर ट्रॉफीही (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार) मिळाली. 2022मध्ये नॉरिस (सर्वोत्तम बचावपटू), कॉन स्माइथ (प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू) आणि एनएचएलचं विजेतेपद म्हणजे स्टॅनली कप, 2025मध्ये पुन्हा नॉरिस.

उलट उदाहरण विल बुचरचं. तोही बचावपटू, 2017चा होबी बेकर विजेता आणि अ‍ॅव्हलांचनंच ड्राफ्ट केलेला. पण चार वर्षं कॉलेज पूर्ण केल्यावर, तेव्हाच्या नियमानुसार, 15 ऑगस्टला संघाचे हक्क संपले आणि तो न्यू जर्सी डेव्हिल्सकडे गेला. पहिल्या हंगामात 44 पॉइंट काढले, पण पुढे ती उंची टिकली नाही.

मकार टिकला तो स्केटिंगवर. पॉइंटवर (इथे गुण नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या भागाची हद्द असलेल्या ब्लू लाइनजवळची जागा) पक, म्हणजे रबरी चकती, मिळाला की टाचा एकमेकींकडे वळवून तो ब्लू लाइनला समांतर सरकतो. छाती गोलकडेच राहते, म्हणून शॉट की पास ते शेवटपर्यंत कळत नाही. समोरच्या विंगरनं (बाजूनं खेळणाऱ्या आक्रमकानं) वजन एका पायावर टाकलं की हा उलट दिशेला वळतो. नवखे बचावपटू इथे पकाकडे बघत बसतात. पक निसटला की मागे फक्त आपला गोलरक्षक उरतो. त्याच्या क्लिप बघताना विंगरच्या पायांवर नजर ठेवा.