अनुभवातून तुमची कोणती मतं कायमची पक्की झाली?

आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले, त्यामुळे माझी मतं बागेतच पक्की झाली.

कष्टाचं फळ मिळतंच, यावर माझा विश्वास नाही. ऑक्टोबर छाटणीपासून डोळ्यात तेल घालून सांभाळलेली बाग, घडात साखर भरत असताना, एका अवकाळी पावसात हातची जाते. थंडी फार उतरली की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सुरू करतो, तरी मण्यांना तडे जायचे ते जातातच. त्यामुळे कर्जात बुडालेल्या माणसाला कुणी 'आळशी असेल' म्हणालं की मी वाद घालत नाही, सरळ उठून जातो.

दुसरं मत व्यवहाराचं. एका व्यापाऱ्याने माल भरून नेला, चेक दिला, तो वटला नाही आणि फोनही बंद. तेव्हापासून सख्ख्या मेहुण्याकडूनही आधी पैसे मोजून घेतो. (मेहुणा अजून रुसलेला आहे.)

पण पक्कं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. आपल्या नाशिकचंच बघा. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, तरी दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. देवळात येऊ द्या, ही मागणीच मागे पडली.

माझं म्हणाल तर कांदा लावावा की नाही, हे मत दर हंगामात बदलतं.