हुशार लेकराला कोणतं मासिक लावावं?

मी हुशार मुलांसोबत आणि त्यांच्या आईवडिलांसोबत काम करते. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, आमचं लेकरू वयाच्या मानानं फार पुढं आहे. त्याला कोणतं मासिक लावू?’ बेळगावच्या टिळकवाडीतले डॉक्टर विचारतात, खानापूरकडचे गुरुजी विचारतात, निपाणीहून फोन येतो. नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण मी तसं करत नाही. का, ते सईच्या गोष्टीतून सांगते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

सई आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यमात. वडिलांचं बाजारात दुकान, आई बँकेत, घरात आज्जी. पोरगी चहाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा वाचून काढते आणि बसवरच्या कन्नड पाट्या घडाघडा म्हणते, म्हणून वडिलांनी हौसेनं एक भारी इंग्रजी विज्ञान मासिक लावलं. मोठ्या मुलांसाठीचं. पहिले दोन-तीन अंक तिनं फडशा पाडल्यासारखे वाचले. मग एकदम थांबली.

‘अंक येऊन पडूलालेत की नुसते!’ वडील म्हणाले. ‘प्लास्टिकपण काढत नाही. टीव्हीचा नाद लागला, आळशी झाली. आता हे बंद करून स्पर्धा परीक्षेचं लावू काय?’

आईला वाटत होतं की हे तिला सोपं पडत असेल, आणखी वरचं हवं. आज्जीचं म्हणणं सरळ होतं, ‘चांदोबा लावा की!’ मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला आणि आज्जीचं बालपण त्यावर पोसलं. तो बंद पडलाय हे तिला सांगताना मलाच वाईट वाटलं.

मी सईला ते अंक घेऊन यायला सांगितलं. तिनं आणले, पण एक अंक दप्तरातच ठेवला. बऱ्याच गप्पा झाल्यावर काढला, तर त्यातलं एक पान आत दुमडून डिंकानं चिकटवलेलं होतं.

‘ह्यात काय आहे?’

‘सूर्य संपणार आहे.’

‘कधी?’

‘पाच अब्ज वर्षांनी. आधी तो फुगून लाल होणार.’

आम्ही कागदावर पाच लिहिले आणि पुढे शून्यं मांडली. नऊ शून्यं तिनंच मोजली. आकडा केवढा आहे हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. मला वाटलं, आता तिची भीती जाईल. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, ‘मग आज्जी कुठं जाणार?’

मी शून्यं बाजूला सारली. त्या पावसाळ्यात आज्जी काही दिवस दवाखान्यात होती. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते आणि सईला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याच दिवसांत हा लेख आला. सूर्य मरू शकतो तर आज्जीचं काय, हे तिच्या बुद्धीनं क्षणात जुळवलं आणि मन मात्र आठ वर्षांचंच होतं. त्यावर तिला एकच उपाय सुचला, डिंक.

आईवडिलांना हे सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ बोलले नाहीत. आळस आणि टीव्ही बाजूला सारून त्या चिकटवलेल्या पानापर्यंत पोचता आलं, याचं मला आजही समाधान आहे. घरी त्याच रात्री आज्जीनं स्वतः तिला जवळ बसवून आपल्या दुखण्याबद्दल सगळं सांगितलं. गोळ्याही दाखवल्या.

लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अतिशय हुशार मुलांचा अभ्यास केला. मोठ्यांची समज आणि लहानाचं मन एकाच देहात असणं मुलाला जड जातं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. माझं सगळं काम मी याच पायावर उभं केलंय. म्हणून मासिक निवडताना मी वाचनाचं वय एकटं बघू देत नाही. अंक आधी तुम्ही चाळा. मरण, युद्ध, रोग, प्रलय यांवर लेख असला तर तो फाडू नका, लपवूही नका. मुलाशेजारी बसून वाचा.

दुसरी गोष्ट सईनं जाता जाता सांगितली. ‘वाचून झालं की बाबा विचारतात, काय कळलं सांग.’ अंक आला की परीक्षा, मग कोण उघडेल? प्रश्न विचारायचे तर मुलानं विचारावेत.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथं मी हट्टी आहे. आपल्या सीमाभागात इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शाळेत इंग्रजी आणि कन्नड वाचायला मिळतं. मराठी पुष्कळदा बोलण्यापुरतीच उरते. सई इंग्रजी बारा वर्षांच्या मुलीसारखं वाचायची आणि मराठीत जोडाक्षराला अडायची. म्हणून मी मराठी मासिक सुचवलं. तिथं तिचा वेग आपोआप कमी होतो, मजकूर तिच्या मनाच्या वयाचा असतो आणि अडलं की आज्जीकडे जावं लागतं. व्हिगॉट्स्की हे रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की मूल आज कुणाच्या मदतीनं जे करतं ते उद्या एकटं करतं. मासिक असं हवं, की थोडी मदत लागेल आणि मदत करणारं माणूस घरात असेल.

बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. वर्गणी भरण्याआधी तिथले चार-पाच अंक मुलाला चाळू द्या. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेचं ‘चकमक’ बघा. कुठलंही घ्या, पण मुलं स्वतः लिहितात-काढतात अशी पानं त्यात आहेत का, हातानं करून बघण्यासारखं काही आहे का आणि जाहिराती किती आहेत, एवढं तपासा. सुटे अंक मिळत असतील तर आधी तेच घ्या. वर्गणी भरताना पत्त्यावर नाव मुलाचंच घाला. स्वतःच्या नावानं टपाल येणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट असते. गावाकडे असाल तर पिन कोडसोबत पोस्ट आणि तालुका नीट लिहा आणि एखादा अंक नाही आला तर कळवायचं पत्र मुलाकडूनच लिहून घ्या.

एखादा महिना मूल अंकाला हात लावत नसेल तर रागावण्याआधी न वाचलेला अंक स्वतः वाचून बघा.

सईच्या घरी आता ‘किशोर’ येतं. इंग्रजी मासिकही बंद केलेलं नाही. वडील दुकानात बसून आधी ते वाचतात आणि आवडलेलं पान रात्री तिला दाखवतात. गेल्या खेपेला ज्वालामुखीचं दाखवलं, तर तिनंच त्यांना विचारलं, ‘बाबा, तुम्हाला काय कळलं सांगा.’